तिसरं पीक

ओमायने पाटाच्या काठात बांबू जोर लावून खुपसला, आत दोनदा फिरवला आणि डोकं तिरपं करून थांबला. माती. थोडं पुढे सरकून त्याने पुन्हा खुपसला. पुन्हा मातीच. कारखान्याच्या भिंतीखालून पाट जिथे बाहेर पडतो तिथपासून तो सकाळपासून अशी भोकं पाडत आला होता आणि काठाची पार चाळण झाली होती. चोरून पाणी नेणारा नळ असेल तर तो कुठे ना कुठे बांबूला लागलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

"कांग, उंदीर शोधताय की भूत?" बांधावर उकिडवा बसलेल्या दायातने विचारलं. वयाने मोठ्या माणसाला इकडे कांग, म्हणजे दादा, म्हणतात. त्याचं शेत ओमायच्या शेताला लागून होतं आणि दोघांचा बांध एकच.

"नळ शोधतोय."

"सापडला तर आम्हाला सांगाल ना?"

ओमायने वर पाहिलं. दायात हसत होता, पण ते हसू ओठांपाशीच थांबलेलं होतं. ओमायने बांबू उपसून घेतला आणि टोकाची माती पाटात धुतली. पाणी जेमतेम घोट्याला लागत होतं. इतकं स्वच्छ की तळातला बाटलीचा काचतुकडासुद्धा दिसत होता.

बाबाकान वस्तीचा पाटकरी म्हणजे ओमाय. इकडे त्याला उलु-उलु म्हणतात. कोणाच्या शेताला पाणी कधी जाणार, किती वेळ जाणार, दारं कोण धरणार, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. त्याच्या आधी त्याचे वडील होते. पण वडिलांना जे जमलं नाही ते ओमायने करून दाखवलं होतं. आसपासच्या वस्त्या कोरड्या महिन्यांत रताळी आणि शेंगा लावून गप्प बसायच्या, तेव्हा बाबाकानमध्ये भाताचं तिसरं पीक डोलायचं. मजालायाच्या बाजारात लोक म्हणायचे की बाबाकानचा पाटकरी दगड पिळून पाणी काढतो. ओमाय यावर काही बोलत नसे. स्तुती आवडणारी माणसं जशी गप्प बसतात तसा तो गप्प बसे.

पाणी येई भिंतीखालून. वडिलांच्या हातून त्याच्याकडे काम आलं त्याच वर्षी कारखाना उभा राहिला, पाटाचा वरचा भाग आवारात गेला आणि त्यावर काँक्रीटची झाकणं पडली. भिंतीपलीकडची शेतंही कारखान्याने घेतली. मग वर डोंगराकडच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं कोणी आणि कशाला? भिंतीखालून धो धो पाणी येतंय, एवढं वस्तीला पुरे होतं.

ते पाणी कधी लाल असे, कधी निळं, कधी शेवाळ्यासारखं. इथल्या बायका कपडे धुवायला निघण्याआधी पाटाकडे एक नजर टाकत. पोरं पैज लावत की परदेशातले लोक पुढच्या वर्षी जांभळं घालणार की पिवळं. ओमायच्या पायांना कायम खाज. वस्तीतल्या मत्स्यतळ्यांत मासे उलटे होऊन तरंगायचे. कारखान्याच्या फाटकावर जेवढे मोर्चे गेले त्या प्रत्येकात ओमाय पुढे होता आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असे. भात मात्र त्याच पाण्यावर पिकत होता. फक्त तिसऱ्या पिकाचा तांदूळ वस्तीत कोणी शिजवत नसे. तो सगळा व्यापाऱ्याच्या गाडीत चढायचा. का, हे कोणी कोणाला विचारत नसे.

मग कारखान्याने नवी यंत्रं आणली. जुन्या बाटल्या वितळवून धागा काढायचा आणि तो जवळजवळ पाण्याशिवाय रंगवायचा, असं काहीतरी. पाट निवळला. आनंद व्हायला हवा होता, पण कोणाचाच विश्वास बसेना. "रंग काढून घेतलाय, विष तसंच ठेवलंय," असं म्हणणारे निघाले. मुसळधार पावसात गुपचूप सोडतात असंही म्हणून झालं. पाऊस संपला आणि पाट आटत आटत घोट्याखाली आला, तेव्हा सगळ्यांना एकदम उलगडा झाला. कारखाना पाणी चोरतोय. भात पोटरीत होता. दाणा भरेपर्यंत पाणी मिळालं नाही तर नुसता पेंढा हाती येणार होता.

आणि ओमायची मुलगी त्याच कारखान्यात कामाला होती.

"शुक्रवारी नमाजानंतर सगळे जमणार आहेत," दायात उठत म्हणाला. "तुम्हीच पाटकरी राहायचं की दुसरा कोणी बघायचा, ते ठरवायला. मी तुमच्याविरुद्ध काही बोलणार नाही, कांग. पण लोक म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय."

"लोक म्हणतात की तू म्हणतोस?"

"मी लोकांतलाच आहे ना," दायात म्हणाला आणि चालू लागला.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, इसाहने, भात, खारा मासा आणि सांबालची, म्हणजे मिरचीच्या ठेच्याची, वाटी मधे ठेवली. बाजूला कच्च्या पाल्याचा ढीग. त्यांची मुलगी विविन कामावरून आली होती आणि भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिने येताना एक सदरा आणला होता. हिरवट, मऊ, गळ्याशी शिवण नीट नसल्यामुळे बाजूला काढलेला.

"अबाह, हा तुमच्यासाठी. बाटल्यांचा आहे."

ओमायने सदरा हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. मग उठून कोपऱ्यातल्या बादलीत त्याचं एक टोक बुडवलं आणि पिळलं. पाणी स्वच्छ निघालं. त्याने पुन्हा पिळलं.

"काय करताय?" इसाह म्हणाली. "पोरीने आणलेला सदरा आहे, चोर नाही पकडून आणलाय."

"नेंग, पोरी," ओमाय म्हणाला, "रंगवल्यावर कापड धुवावं लागतं. माझ्या आजीला विचार, तीसुद्धा सांगेल."

"तुमची आजी कबरीत आहे," विविन म्हणाली. "अबाह, कितीदा सांगू? जाड पोलादी पिंप असतं. त्यात धाग्याची रिळं ठेवायची, रंगाची पूड घालायची, झाकण लावायचं आणि वायू दाबून भरायचा. तो वायूच रंग घेऊन धाग्यात शिरतो. झाकण उघडलं की धागा कोरडा. वायू परत टाकीत जातो, पुढच्या वेळी तोच वापरायचा. धुवायचंय काय त्यात?"

"आणि कारखाना पाणी पितच नाही म्हणतेस."

"बाथरूमपुरतं. स्वयंपाकघरापुरतं. यंत्रं थंड ठेवायला थोडं."

"मग आमचं पाणी गेलं कुठे?"

विविनने मासा मोडला. काट्यापासून मांस सोडवताना तिची बोटं जरा जास्तच रेंगाळली. ओमाय ते बघत होता. लहानपणी काही लपवायचं असलं की ही पोर अशीच ताटात बोटं घालून बसायची.

"तुला कोणी शिकवून पाठवलंय का, काय बोलायचं ते?"

इसाहने सांबालची वाटी जराशी आपटूनच खाली ठेवली. विविनने हात धुतले, सदरा झटकून दोरीवर वाळत घातला आणि तशीच त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. चला माझ्याबरोबर. बंधाऱ्यापासून चालत येऊ. आवारातली झाकणंही उघडून दाखवते. पहारेकऱ्याशी बोलते मी."

"उघडतील ते?"

"लपवायला काही नसलं तर का नाही उघडणार?"

ओमायला ते बोलणं आवडलं नाही. इतक्या सहज तयार झालेल्या माणसाने आधीच सगळं आवरून ठेवलेलं असतं, असं त्याला वाटलं. पोटच्या पोरीबद्दल असं वाटतंय याची त्याला लाज वाटली आणि तरी तसंच वाटत राहिलं.

बंधारा त्याला आठवत होता त्यापेक्षा लहान निघाला. ओमायच्या मनात तो मोठा थोरला होता, कारण त्याने तो शेवटचा पाहिला तेव्हा वडील पुढे चालत होते. दगडांची रांग तीच होती. मधे आडवा टाकलेला लाकडी ओंडका आणि त्यात कोरलेल्या खाचा, एकेका वस्तीची एकेक. ओमाय ओंडक्यावर ओणवा झाला. वरच्या वस्तीने आपली खाच कोरून मोठी केली असणार, या संशयावर तो एवढा चढ चढून आला होता. त्याने खाचेत हात घातला, वीत लावली. खाचा जुन्या होत्या, कडा शेवाळून गुळगुळीत झाल्या होत्या. कोणी हात लावलेला नव्हता.

बाबाकानच्या खाचेतून पाणी येत होतं. तळहाताएवढं रुंद, बोटांच्या पेरांएवढं खोल.

"एवढंच?" तो म्हणाला.

"कोरडे महिने आहेत, अबाह."

ते पाटाच्या कडेने उतरू लागले. ओमाय प्रत्येक वळणावर थांबून काठ तपासत होता. कुठे फट नव्हती, कुठे नळ नव्हता. पाण्याची ती बारीक धार त्याच्याबरोबर खाली चालत आली आणि भिंतीखाली शिरली. दोघं वळसा घालून फाटकाकडे गेले. पहारेकरी ओमायला ओळखत होता. मोर्च्यांमुळे ओळखत होता. त्याने लोखंडी पहार घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाला.

आवारात बाटल्यांचे गठ्ठे रचलेले होते, चेपून चौकोनी केलेले, माडाच्या उंचीचे. रंगखात्याच्या दारातून ओमायने आत डोकावलं. लांबलचक शेडच्या एका टोकाला विविनची पोलादी पिंपं होती. बाकीच्या जागेत जुनी यंत्रं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. जमीन कोरडी होती. या शेडमधली जमीन कोरडी असू शकते हे त्याने स्वप्नातही पाहिलं नसतं. विविन कामाला लागली तेव्हा पहिली काही वर्षं ती रोज ओल्या चपलांनी आणि निळ्या नखांनी घरी यायची.

शेडच्या मागे पहारेकऱ्याने एका झाकणात पहार घातली आणि ते बाजूला सारलं. ओमाय पोटावर झोपला आणि आत पाहू लागला. पाट खालून वाहत होता. तीच धार, तळहाताएवढी. आणि शेडच्या बाजूने पाटाच्या भिंतीत चार नळ निघालेले होते, केळीच्या बुंध्याएवढे जाड. एका नळाच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं.

"हे," ओमाय एकदम म्हणाला. "हे काय आहेत? यातून कुठे नेतात पाणी?"

"नेत नाहीत, अबाह. यातून यायचं."

"काय यायचं?"

"रंगाचं पाणी. यंत्रांतलं, धुलाईचं. खाली खोल विहिरी आहेत ना कारखान्याच्या, तिथून पंपाने ओढायचे, वापरायचे आणि इथून पाटात सोडायचे. दिवसरात्र."

ओमायने आत हात घालून धारेवर धरला. नळांच्या वरच्या बाजूला. मग सरकत जाऊन नळांच्या खालच्या बाजूला. तळहात जेवढा वर भिजला तेवढाच खाली भिजला.

"आपल्याकडे कोरड्या महिन्यांत जे पाणी यायचं," तो म्हणाला, "त्यातलं किती यांच्यातून यायचं?"

विविनने पहारेकऱ्याकडे पाहिलं. तो माणूस समजूतदार होता. गठ्ठ्यांकडे काहीतरी बघायचं आहे असं दाखवून तो दूर गेला.

"ही धार सोडली तर सगळं," विविन म्हणाली.

ओमाय उठून बसला आणि सदऱ्याला लागलेली धूळ झटकू लागला. धूळ गेली तरी झटकत राहिला.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी, कोरड्या महिन्यांत, लक्षात आलं. एका सणाला यंत्रं बंद होती आणि पाट आटला होता. तुम्ही म्हणाला होतात, वरच्या वस्तीने पाणी अडवलं असेल."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." तिने खाली बघत झाकणाची कड पायाने चाचपली. "पाटकऱ्याला पाणी कुठून येतं ते माहीत नसेल, असं कोण समजेल? तुम्ही फाटकावर येऊन ओरडायचात तेव्हा मी आतून ऐकायचे. मला वाटायचं, माझे अबाह रंगाला शिव्या देतात आणि पाणी मात्र घेतात, आणि दोन्ही समजून उमजून करतात. मला फार राग यायचा तुमचा. काल रात्री कळलं की तुम्हाला खरंच माहीत नव्हतं."

ओमायला काय वाईट वाटावं हेच कळेना. पोरीने इतकी वर्षं आपल्याला लबाड समजावं, की आपण लबाड नसून मूर्ख निघावं.

शुक्रवारी मशिदीच्या ओसरीत सगळे जमले. कॉफीचे पेले फिरले, तळलेल्या भज्यांची थाळी मधे आली आणि कोणीच तिला हात लावला नाही. ओमाय उभा राहिला आणि त्याने जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. बंधाऱ्याची खाच, धार, चार नळ. शेवटी म्हणाला की तिसरं पीक त्याच्या हुशारीने कधीच येत नव्हतं. ते कारखान्याच्या सांडपाण्यावर येत होतं. बोलताना त्याचा आवाज मोर्च्यातल्यासारखा निघाला नाही. मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं.

मग वस्तीतले म्हातारे हाजी म्हणाले, "म्हणजे चोरी झालीच नाही."

"नाही, पाक हाजी. आपलं होतं ते आहे तेवढंच आहे."

"कांग," दायात म्हणाला. त्याचा आवाज गोड झाला होता. "ती जुनी यंत्रं अजून आहेत म्हणालात ना? ताडपत्रीखाली?"

"आहेत."

"मग विविनला सांगा, तिने साहेबांना विचारावं. फक्त दाणा भरेपर्यंत चालू करा म्हणावं. त्यांच्याकडे पाण्यातच रंगवावं लागतं असं काही ना काही सुती काम येतच असेल. आम्ही तक्रार करणार नाही. लिहून देऊ हवं तर."

ओमायने आजूबाजूला पाहिलं. त्याला वाटलं, आता कोणीतरी हसेल. पण माना हलत होत्या. ज्यांच्या तळ्यातले मासे मेले होते तेही माना हलवत होते. "रंगीत असलं तरी चालेल," कोणीतरी मागून म्हणालं. "नाही तरी आपण थोडंच खाणार आहोत."

आणि खरं सांगायचं तर क्षणभर ओमायलाही तेच हवं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे ते भरून वाहणारं पाणी आलं, त्याचा लालभडक लोट, आणि त्याच्या शेतात नुकत्याच बाहेर पडू लागलेल्या लोंब्या. तोंडातून हो निघणारच होता. त्याने तो गिळला.

"मी नाही विचारणार," तो म्हणाला. "तिलाही विचारू देणार नाही."

"का?"

"एवढी वर्षं त्या फाटकावर कशासाठी जात होतो मग?"

"लेकीची नोकरी सांभाळायची आहे, दुसरं काय," कोणीतरी म्हणालं. कोण, ते ओमायने बघितलं नाही. हाजींनी विषय आवरला. हंगाम संपेपर्यंत पाटकरी ओमायच राहील, कारण आटलेल्या पाटाचं काम अंगावर घ्यायला दुसरं कोणी तयारही नव्हतं.

उन्हं कलताना ओमाय विळा घेऊन आपल्या शेतात उतरला. पाटावर त्याचं शेत पहिलं, मग दायातचं, मग बाकीच्यांची. ती धार पहिल्या शेताने प्यायली तर पुढे काही उरत नव्हतं. त्याने पहिली मूठ धरली, हिरवीगार, अजून दूधसुद्धा न भरलेली, आणि कापली. मग दुसरी. थोड्या वेळाने इसाह आली, तिने डोक्याला फडकं बांधलं आणि त्याच्या डाव्या हाताला कापू लागली. "मेंढ्या खूश होतील," एवढंच ती म्हणाली. विविन कारखान्यातली पाळी संपवून आली ती विळा घेऊनच. तिघं एका ओळीत पुढे सरकत राहिले.

वस्तीतली माणसं बांधांवर येऊन उभी राहिली होती. जवळ कोणी येत नव्हतं. दायात मात्र सामाईक बांधावर आला आणि हाताची घडी घालून बघत राहिला.

"पोटरीतलं पीक कोण कापतं, कांग?" तो म्हणाला. "ज्याला भरपाई मिळाली तोच. आता तरी सांगा, कारखान्याने काय दिलं तुम्हाला?"

विविन ताठ झाली. ओमायने तिच्या कोपराला हात लावला आणि तिला पुन्हा खाली वाकायला लावलं. मग तो पाटाकडे गेला. आपल्या शेताचं दार त्याने चिखलाने लिंपून बंद केलं, वरून दगड ठेवला आणि दायातच्या शेताचं दार उघडलं. पाणी क्षणभर थांबलं, वळलं आणि दायातच्या भेगाळलेल्या जमिनीत शिरलं.

दायात खाली उतरला. त्याने वाकून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, उजेडात धरून पाहिलं. मग ते सोडून देऊन तो धारेकडे बघत राहिला. ती तळहाताएवढीच होती.

"बस्स एवढंच?"

"एवढंच," ओमाय म्हणाला. "पहिल्यापासून एवढंच होतं."

ओमाय वळून शेतात गेला तेव्हा दायात टाचेने दाराची कड उकरून ते जरा रुंद करत होता.